डेटाबेस बसवला, पण राखणदार नेमला का?

पणजी, म्हापसा किंवा मडगाव येथील एखाद्या छोट्या पतसंस्थेचे कार्यालय डोळ्यांसमोर आणावे. जुन्या खातेवह्या कपाटात गेल्या आहेत, नवा संगणक आला आहे आणि तंत्रज्ञ दुपारपासून बसून डेटाबेस सर्व्हर इन्स्टॉल करत आहे. सायंकाळी पडद्यावर काम यशस्वी झाल्याचा संदेश उमटतो, पहिल्या ठेवीदाराचे नाव नोंदले जाते, चहा होतो आणि तंत्रज्ञ निघून जातो. संस्थेच्या दृष्टीने काम संपलेले असते. वस्तुतः त्या संदेशाचा अर्थ एवढाच असतो, की सर्व्हर चालू झाला आहे. त्याच्यापर्यंत कोणाकोणाला पोहोचता येते आणि पोहोचलेल्या माणसाला आत काय काय करता येते, याविषयी तो संदेश काहीही सांगत नाही.

हा प्रश्न केवळ पतसंस्थांचा नाही. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांच्या आत कळवणे बंधनकारक असल्याने गोव्यातील लहान-मोठ्या अतिथिगृहांच्या संगणकांत पारपत्रांचे तपशील साठत असतात. दवाखान्यांत रुग्णांच्या व्याधींची, शाळांत मुलांच्या पत्त्यांची, देवस्थानांत देणगीदारांची नोंद असते. ही माहिती त्या त्या संस्थेच्या मालकीची नसते. लोकांनी विश्वासाने सोपवलेली ती ठेव असते. गावाला राखणदार असतो, अशी गोव्यातील श्रद्धा आहे. माहितीच्या साठ्याला मात्र राखणदार आपोआप लाभत नाही. तो विचारपूर्वक नेमावा लागतो.

तक्त्यांचे भांडार

संबंधात्मक डेटाबेसची मूळ कल्पना एडगर कॉड या आयबीएममधील संशोधकाने १९७० मध्ये मांडली. माहिती तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक ओळ ही एक नोंद असावी आणि निरनिराळे तक्ते समान खुणेने एकमेकांशी जोडावेत, हे त्या कल्पनेचे सार. पतसंस्थेत सभासदांचा एक तक्ता असतो, ठेवींचा दुसरा आणि कर्जांचा तिसरा. सभासद क्रमांक या तिघांना जोडतो. ही माहिती काढण्यासाठी आणि बदलण्यासाठी एसक्यूएल ही प्रश्नभाषा वापरली जाते.

या पद्धतीचे सर्व्हर अनेक आहेत. ओरॅकल, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर आणि पोस्टग्रेस ही त्यांतील परिचित नावे. १९९५ मध्ये स्वीडनमध्ये जन्मलेला मायएसक्यूएल विनामूल्य उपलब्ध असल्याने संकेतस्थळांमागे आणि छोट्या संस्थांच्या संगणकांत विशेष रुजला. त्याचे एक निर्माते मायकेल विडेनियस यांनी आपल्या ‘माय’ या मुलीचे नाव त्याला दिले. पुढे त्याची मालकी सन आणि त्यानंतर ओरॅकल या कंपनीकडे गेली, तेव्हा विडेनियस यांनी त्यातूनच वेगळी शाखा काढली आणि धाकट्या मुलीच्या नावावरून तिला मारियाडीबी म्हटले. पुढील विवेचन मुख्यतः या दोन सर्व्हरांना धरून असले, तरी त्यामागील तत्त्वे सर्वांना लागू पडतात.

पहिल्या दिवसाची साफसफाई

मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्या शिकणाऱ्याला सोयीच्या जाव्यात अशा बेताने येत असत. ‘रूट’ हे सर्वाधिकारी खाते पासवर्डविना उघडे असे. नाव नसलेले एक निनावी खाते असे, ज्यातून कोणालाही प्रवेश मिळे. सरावासाठी ‘टेस्ट’ नावाचा एक डेटाबेस असे आणि तो सर्वांना खुला असे. शिकताना हे सोयीचे होते; व्यवहारात मात्र ते घराची किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्यासारखे होते.

यावर उपाय म्हणून सर्व्हरसोबतच ‘मायएसक्यूएल सिक्युअर इन्स्टॉलेशन’ ही छोटी आज्ञावली दिलेली असते. इन्स्टॉल झाल्यावर लगेच ती चालवावी, असा संकेत आहे. ती एकामागून एक प्रश्न विचारते. पासवर्डची ताकद तपासणारी व्यवस्था चालू करायची का? रूट खात्याचा पासवर्ड कोणता? निनावी खाती काढायची का? रूटला दुसऱ्या संगणकावरून प्रवेश बंद करायचा का? टेस्ट डेटाबेस पुसायचा का? आणि अखेरीस, हे बदल तत्काळ लागू करायचे का? प्रत्यक्ष वापरातील सर्व्हरसाठी या प्रश्नांना ‘होय’ हेच उत्तर असावे. काम पाच मिनिटांचे आहे, तरीही ते राहून जाते. कारण ते न करताही सर्व्हर उत्तम चालतो.

प्रत्येक प्रश्नामागे कारण आहे. निनावी खाते केवळ अनोळखी माणसाला आत घेते असे नाही. काही वेळा खऱ्या वापरकर्त्याची ओळखही त्याच्यामुळे चुकते आणि योग्य पासवर्ड देऊनही त्याला प्रवेश नाकारला जातो. टेस्ट डेटाबेसची मेख त्याहून सूक्ष्म आहे. जुन्या अधिकारनोंदींत केवळ ‘टेस्ट’ हाच नव्हे, तर ज्याचे नाव ‘टेस्ट’ आणि अधोरेषा यांनी सुरू होते असा प्रत्येक डेटाबेस सर्वांना खुला असे. एखाद्या कर्मचाऱ्याने सरावासाठी खऱ्या सभासदांची यादी अशा नावाच्या डेटाबेसमध्ये उतरवून घेतली, तर ती यादी न सांगताच सार्वजनिक होते.

२०१५ मध्ये आलेल्या ५.७ या आवृत्तीपासून परिस्थिती सुधारली. रूटसाठी तात्पुरता पासवर्ड यादृच्छिक पद्धतीने तयार होऊ लागला आणि पहिल्या प्रवेशानंतर तो बदलणे भाग पडू लागले. उबंटूसारख्या प्रणालीत तर रूट खाते पासवर्डवर नव्हे, तर संगणकाच्या मुख्य प्रशासकाच्या ओळखीवर उघडते. मात्र सर्वच संच असे काटेकोर नसतात. संकेतस्थळ घडवण्याचा सराव करण्यासाठी लोकप्रिय असलेल्या ‘झॅम्प’ या संचात रूटचा पासवर्ड मुळात रिकामा असतो. हा संच सरावासाठी आहे, प्रत्यक्ष वापरासाठी नाही, असे त्याचे निर्मातेच सांगतात. तरीही सरावासाठी घेतलेला संचच पुढे कार्यालयाचा कायमचा सर्व्हर होऊन बसण्याची शक्यता असते, आणि धोका तेथूनच सुरू होतो.

दार कोणत्या दिशेला उघडते?

सर्व्हर ज्या क्रमांकाच्या दारावर हाकेची वाट पाहतो, त्याला पोर्ट म्हणतात. मायएसक्यूएलचा पोर्ट ३३०६, पोस्टग्रेसचा ५४३२ आणि एसक्यूएल सर्व्हरचा १४३३. हे क्रमांक जगजाहीर आहेत. इंटरनेटवरील पत्ते एकामागून एक चाचपून हे पोर्ट कोठे उघडे आहेत, हे शोधणारे प्रोग्राम अहोरात्र चालू असतात. आपल्या छोट्या संस्थेकडे कोण कशाला पाहील, हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. शोधणारा माणूस नसून यंत्र असते आणि यंत्राला लहान-मोठे हा भेद नसतो.

इंटरनेटवरील असुरक्षित सर्व्हरांवर लक्ष ठेवणाऱ्या शॅडोसर्व्हर या संस्थेने मे २०२२ मध्ये पाहणी केली, तेव्हा बाहेरून हाक मारली असता उत्तर देणारे सुमारे ३६ लाख मायएसक्यूएल सर्व्हर जगभरात आढळले. त्यांतील सर्वच फोडण्याजोगे होते असे नाही. परंतु त्यांतील बहुतेकांना रस्त्याकडे तोंड करून बसण्याचे कारण नव्हते.

डेटाबेस आणि त्याचा वापर करणारा प्रोग्राम एकाच संगणकावर असतील, तर सर्व्हरने बाहेरची हाक ऐकण्याची गरजच नाही. सर्व्हरच्या मांडणीच्या फायलीत ‘बाइंड-ॲड्रेस’ नावाची एक ओळ असते. तिच्यासमोर १२७.०.०.१ हा पत्ता लिहिला, की सर्व्हर केवळ स्वतःच्याच संगणकावरून आलेल्या विनंत्या ऐकतो. डेबियन आणि उबंटूच्या संचांत ही ओळ तशीच येते. काही कारणाने प्रवेश मिळेना, म्हणून कोणीतरी ती बदलून सर्व पत्त्यांना मोकळीक देतो आणि काम झाल्यावर पूर्ववत करणे विसरतो, ही नेहमीची चूक आहे.

कार्यालयातील चार संगणकांना डेटाबेस लागत असेल, तर सर्व्हरला अंतर्गत जाळ्यातील पत्ता द्यावा आणि फायरवॉलमध्ये त्या चार संगणकांनाच ३३०६ वर येण्याची मुभा ठेवावी. दूर बसलेल्या तंत्रज्ञाला प्रवेश हवा असेल, तर पोर्ट जगाला खुला करण्याऐवजी त्याने एसएसएचच्या सुरक्षित बोगद्यातून किंवा व्हीपीएनमधून यावे. पोर्टचा क्रमांक बदलून टाकणे हा उपाय सुचवला जातो. त्याने चाचपणाऱ्यांची वर्दळ थोडी कमी होते, पण शोध घेणारे यंत्र नवा क्रमांकही शोधून काढते.

येथे आणखी एक फसगत होते. डॉकरच्या कंटेनरमध्ये सर्व्हर चालवून त्याचा पोर्ट बाहेर जोडला, तर डॉकर स्वतःचे नियम लिहितो आणि लिनक्सवरील यूएफडब्ल्यू या फायरवॉलने घातलेली बंदी ओलांडली जाते. पडद्यावर फायरवॉल चालू दिसते आणि पोर्ट मात्र उघडा असतो. त्यामुळे मांडणीवर विश्वास न ठेवता, बाहेरच्या एखाद्या जाळ्यावरून स्वतः दार ठोठावून पाहणे हाच खरा पुरावा.

उघड्या दाराचे परिणाम २०१७ च्या आरंभी जगाने पाहिले. आधी मोंगोडीबी आणि पाठोपाठ मायएसक्यूएल सर्व्हरांत शिरून हल्लेखोरांनी तक्ते पुसले आणि त्या जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली. मायएसक्यूएलच्या बाबतीत मागणी ०.२ बिटकॉइनची होती. अनेक ठिकाणी हल्लेखोरांनी माहितीची प्रत मुळी काढलीच नव्हती. खंडणी देऊनही परत मिळण्यासारखे काही उरले नव्हते.

रोखपालाला तिजोरीची मुख्य किल्ली नको

बाहेरचे दार लावल्यानंतर आतल्या खोल्यांचा विचार येतो. छोट्या संस्थांत सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे हिशेबाचा प्रोग्राम रूट खात्यानेच डेटाबेसला जोडलेला असणे. तंत्रज्ञाला ते सोपे जाते. अधिकार नाही म्हणून काही अडत नाही. पण याचा अर्थ असा, की त्या प्रोग्राममध्ये कोठेही एक फट सापडली, तर शिरणाऱ्याच्या हाती संपूर्ण सर्व्हर येतो.

कोणत्याही प्रोग्रामला किंवा माणसाला त्याच्या कामापुरतेच अधिकार असावेत, हे तत्त्व जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणकशास्त्रात नेमकेपणाने मांडले. पतसंस्थांच्या व्यवहाराला ते नवे नाही. रोखपाल पावती फाडतो, पण कर्ज मंजूर करत नाही. लेखापरीक्षक वह्या पाहतो, पण त्यांत लिहीत नाही. हीच विभागणी डेटाबेसमध्ये करायची असते. रोजच्या प्रोग्रामच्या खात्याला त्याच्याच डेटाबेसमधील नोंदी वाचणे, भरणे आणि सुधारणे एवढेच अधिकार द्यावेत. पुसण्याचा अधिकार खरोखर लागत असेल तरच द्यावा. तक्ते मोडण्याचा किंवा नवी खाती काढण्याचा अधिकार त्याला कशासाठी लागेल? अहवाल काढणाऱ्या खात्याला केवळ वाचनाचा अधिकार पुरतो. बॅकअपसाठी स्वतंत्र खाते असावे.

मायएसक्यूएलमध्ये खात्याची ओळख नाव आणि ठिकाण या दोहोंनी मिळून होते. एकाच नावाचे खाते ‘याच संगणकावरून’ आणि ‘कोठूनही’ अशा दोन ठिकाणांसह असेल, तर ती दोन वेगळी खाती असतात आणि त्यांचे पासवर्डही वेगळे असू शकतात. ‘कोठूनही’ याची खूण टक्केचिन्ह ही आहे. खात्यांची यादी काढून टक्केचिन्ह कोठे कोठे आहे, हे पाहणे ही तपासणीची उत्तम सुरुवात होय. सर्व्हरच्या डिस्कवरील फायली वाचण्या-लिहिण्याची मुभा देणारा ‘फाइल’ हा अधिकार आणि आपले अधिकार दुसऱ्याला देण्याची मुभा देणारा ‘ग्रँट ऑप्शन’ हे दोन अधिकार कोणाकडे आहेत, हेही त्याच वेळी पाहावे. नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे आणि करार संपलेल्या तंत्रज्ञाचे खाते त्याच दिवशी बंद झाले पाहिजे.

पासवर्ड आणि त्याच्या मर्यादा

मायएसक्यूएलची पासवर्ड तपासणी मध्यम पातळीवर ठेवली, तर किमान ८ अक्षरे आणि त्यांत लहान-मोठी रोमन अक्षरे, अंक व विशेष चिन्ह अशी अट ती घालते. ही किमान मर्यादा होय. प्रोग्रामने वापरायचा पासवर्ड माणसाला पाठ करायचा नसतो. त्यामुळे तो यंत्राकडूनच लांबलचक आणि अर्थहीन घडवून घ्यावा.

परंतु पासवर्ड किती कठीण आहे यापेक्षा तो कोठे पडून आहे, हा प्रश्न बहुधा अधिक महत्त्वाचा ठरतो. संकेतस्थळाच्या फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या रूपात, समाईक ठेवलेल्या प्रोग्रामच्या प्रतीत, व्हॉट्सॲपच्या संभाषणात किंवा पडद्याला चिकटवलेल्या कागदावर तो सापडला, तर त्याच्या लांबीला अर्थ उरत नाही. आज्ञेच्या ओळीतच पासवर्ड लिहिला, तर तो आज्ञांच्या इतिहासात साठून राहतो. म्हणून ज्या फायलीत तो ठेवावा लागतो ती संकेतस्थळाच्या फोल्डरबाहेर असावी आणि ती वाचण्याचा अधिकार एकाच खात्याला असावा. सर्व्हरच्या माहितीच्या मूळ फायलींनाही हाच नियम लागू आहे. त्या सर्व्हरच्या स्वतंत्र खात्याच्या मालकीच्या असाव्यात आणि सर्व्हर कधीही संगणकाच्या सर्वाधिकारी खात्याने चालवू नये.

केवळ पासवर्डवर विसंबणे का धोक्याचे, हे २०१२ मध्ये दिसून आले. मायएसक्यूएल आणि मारियाडीबीच्या काही संचांत पासवर्ड पडताळणाऱ्या तुलनेतच दोष निघाला. चुकीचा पासवर्डही साधारण २५६ प्रयत्नांत एकदा बरोबर मानला जाई. यंत्राला तेवढे प्रयत्न करायला काही क्षण पुरेसे होते. ज्यांचा पोर्ट बाहेरच्या जगाला बंद होता, त्यांना सुधारित आवृत्ती बसवायला उसंत मिळाली. सुरक्षेला एकाहून अधिक थर असावेत असे म्हणतात, त्याचे कारण हेच.

पुढच्या दारातून येणारा चोर

डेटाबेस सर्व्हर कितीही बंदिस्त केला, तरी संकेतस्थळाला त्याच्याशी बोलावेच लागते. एसक्यूएल इंजेक्शन हा हल्ला याच संवादातून होतो. संकेतस्थळावर नाव लिहिण्यासाठी चौकट असते. त्या चौकटीतील मजकूर प्रोग्राम जसाच्या तसा एसक्यूएलच्या वाक्यात चिकटवत असेल, तर नावाऐवजी अवतरणचिन्ह आणि त्यापुढे आज्ञेचा तुकडा लिहिणाऱ्याचे शब्द डेटाबेस आज्ञा म्हणून पाळतो. अर्ज भरणाऱ्यानेच साहेबांच्या सहीच्या वर एक ओळ घुसडावी, तसा हा प्रकार.

ब्रिटनमधील टॉकटॉक या दूरसंचार कंपनीवर ऑक्टोबर २०१५ मध्ये असाच हल्ला झाला. १,५६,९५९ ग्राहकांची वैयक्तिक माहिती हल्लेखोराच्या हाती लागली. त्यांपैकी १५,६५६ जणांच्या बँक खात्यांचे तपशीलही त्यात होते. तेथील माहिती आयुक्तांनी पुढच्या वर्षी कंपनीला चार लाख पौंड दंड ठोठावला. चौकशीत निघालेली कारणे बोलकी आहेत. ज्या पानांतून हल्लेखोर शिरला, ती पाने कंपनीने २००९ मध्ये विकत घेतलेल्या दुसऱ्या व्यवसायाबरोबर आली होती आणि ती अजून चालू आहेत याची कंपनीला कल्पना नव्हती. डेटाबेसचे सॉफ्टवेअर जुने होते आणि त्यातील दोषावरची दुरुस्ती तीन वर्षांहून अधिक काळ उपलब्ध होती. त्याच वर्षी याच प्रकारचे दोन हल्ले आधी होऊन गेले होते. नोंदींकडे कोणाचे लक्षच नव्हते.

उपाय माहीत आहे आणि तो महागडाही नाही. प्रोग्रामरने वाक्य आणि माहिती वेगवेगळी पाठवावी. एसक्यूएलचे वाक्य आधी सिद्ध करून रिकाम्या जागा ठेवायच्या आणि वापरकर्त्याचा मजकूर त्या जागांत केवळ माहिती म्हणून भरायचा. मग त्यात काहीही लिहिलेले असो, ते आज्ञा ठरत नाही. संस्थेच्या प्रमुखाने प्रोग्राम स्वीकारताना ही अट करारात घालावी.

दुरुस्तीची तारीख चुकवू नये

२५ जानेवारी २००३ रोजी स्लॅमर नावाचा कृमी इंटरनेटवर सुटला. अवघ्या ३७६ बाइटांचा हा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २००० मधील दोषातून शिरत असे. दहा मिनिटांत त्याने आपल्या कक्षेतील बहुसंख्य संगणक ग्रासले; बाधितांची संख्या किमान ७५,००० होती. या दोषावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जुलै २००२ मध्येच, म्हणजे सहा महिने आधी दिली होती. बाधितांपैकी अनेकांना आपल्या संगणकात हा सर्व्हर आहे, हेच ठाऊक नव्हते; दुसऱ्या कुठल्यातरी सॉफ्टवेअरबरोबर तो आला होता.

म्हणून आपल्याकडे कोणता सर्व्हर आहे, त्याची आवृत्ती कोणती आणि तिला निर्मात्याचा आधार कधीपर्यंत आहे, हे एका कागदावर लिहिलेले असावे. मायएसक्यूएल ५.७ चा नियमित आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, ८.० साठी एप्रिल २०२६ ही मुदत जाहीर झाली. आधार संपलेला सर्व्हर दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. म्हणूनच तो वर्षानुवर्षे चालू राहतो आणि त्यात नव्याने सापडणारे दोष उघडेच राहतात.

प्रत आहे, पण ती उघडते का?

सर्व उपाय योजूनही दुर्घटना घडू शकते. तेव्हा शेवटचा आधार बॅकअपचा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी, हा प्रचलित नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. त्याच टेबलाच्या खणातील पेनड्राइव्ह आगीत, पुरात किंवा चोरीत सर्व्हरबरोबरच जातो. कायम जोडून ठेवलेल्या डिस्कवरील प्रत खंडणीखोर प्रोग्राम सर्व्हरसोबत निकामी करतो. दुसऱ्या संगणकावर क्षणोक्षणी उतरणारी प्रतिकृती हाही बॅकअप नव्हे. मूळ तक्ता चुकून पुसला, की तो तेथेही पुसला जातो.

बॅकअपची फाइल म्हणजे संपूर्ण डेटाबेसच असतो, पण त्याला सर्व्हरचे पासवर्ड आणि अधिकार यांचे कुंपण नसते. त्यामुळे ती कूटबद्ध करून ठेवावी, त्याची किल्ली वेगळ्या जागी असावी आणि ती फाइल संकेतस्थळाच्या फोल्डरमध्ये तात्पुरतीही ठेवू नये. कार्यालयापासून दूरच्या सर्व्हरकडे जाणारी माहितीही वाटेत कूटबद्ध असावी. मायएसक्यूएलमध्ये ‘रिक्वायर सिक्युअर ट्रान्सपोर्ट’ हा पर्याय चालू केला, की जाळ्यावरून असुरक्षित मार्गाने येणारी जोडणी सर्व्हर नाकारतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निदान तीन महिन्यांतून एकदा वेगळ्या संगणकावर बॅकअपमधून डेटाबेस उभा करून पाहावा. जी प्रत कधी उघडून पाहिलेली नाही, तिच्यावर संस्थेचा कारभार सोपवता येत नाही.

नोंदी आणि कायदा

सर्व्हर चुकांची आणि घडामोडींची नोंद ठेवू शकतो. मध्यरात्री शेकडो फसलेले प्रवेश दिसले, अनोळखी पत्त्यावरून जोडणी झाली किंवा एका खात्याने अचानक संपूर्ण तक्ता वाचला, तर त्या नोंदी आधीच सावध करतात. अर्थात कोणीतरी त्या वाचत असेल तर. नोंदी सर्व्हरवरच राहिल्या, तर शिरकाव करणारा त्या पुसू शकतो. म्हणून त्यांची प्रत अन्यत्र जावी.

हा आता केवळ शहाणपणाचा भाग राहिलेला नाही. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. तंत्रज्ञाने सांगितले नाही, ही सबब संस्थेच्या कामी येणार नाही. जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्यावर आहे.

अध्यक्षांनी विचारावयाचे प्रश्न

पतसंस्थेच्या अध्यक्षाला, शाळेच्या मुख्याध्यापकाला किंवा अतिथिगृहाच्या मालकाला एसक्यूएल येण्याची गरज नाही. त्याने तंत्रज्ञाला काही साधे प्रश्न विचारले आणि उत्तरे लेखी घेतली, तरी पुष्कळ साधते. सर्व्हरची आवृत्ती कोणती आणि तिचा आधार कधी संपतो? रूटचा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे? आपला प्रोग्राम कोणत्या खात्याने जोडला आहे आणि त्या खात्याला कोणते अधिकार आहेत? पोर्ट बाहेरून बंद आहे, हे बाहेरून तपासून पाहिले का? शेवटचा बॅकअप कधी घेतला आणि तो शेवटचा कधी उघडून पाहिला? नोंदी कोण वाचतो?

यांतील एखाद्या प्रश्नावर ‘पाहून सांगतो’ असे उत्तर आले, तर त्यात रागावण्यासारखे काही नाही. काम कोठून सुरू करायचे ते तरी कळले. मात्र पाहून सांगण्याची तारीख त्याच वेळी ठरवून घ्यावी. आयुष्यभराची बचत पासबुकात नोंदवून घेणारी वृद्ध ठेवीदार महिला त्या पासबुकामागे कोणता सर्व्हर आहे, हे कधी विचारणार नाही. तिच्या वतीने तो प्रश्न संस्थेनेच विचारायचा आहे.